मायावीला रडता येत नाही

"शिखरावर पोर चढलीया," रावजी सुतार धापा टाकत म्हणाला, तेव्हा माझ्या ताटात नुकतंच पिठलं पडलं होतं.

मला आधी रागच आला. आमचं शूटिंग बघायला खिंडवाडीची पोरं रोज पठारावर यायची आणि रोज काहीतरी उपद्व्याप करून ठेवायची. आदल्या दिवशी कुणीतरी सेनापतीची गदा घरी नेली होती आणि ती सोडवायला आम्हाला सरपंचांच्या दारात जावं लागलं होतं.

"मग उतरव की," मी म्हणालो. "जेवण सोडून लेखकानं आता पोरं उतरवायची का?"

"उतरंना झालीया. उडी टाकणार म्हणतिया. आन् साहेब, ती तुमचंच कायतरी बोलतिया."

"माझं? काय?"

"ते आभाळातनं आवाज येतो त्यातलं. शंका घेणारा पडतो म्हणून."

मी ताट तिथंच ठेवलं आणि पळत सुटलो.

या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली. तेव्हा 'अमृतकूट' ही आमची मालिका दर रविवारी सकाळी लागायची, आणि त्या वेळात गावोगावचे रस्ते ओस पडतात असं आमचे निर्माते ज्याला त्याला सांगत सुटायचे. मी चौतीस वर्षांचा होतो आणि मला माझ्या डोक्याचा फार गर्व होता. राजपुत्र अरिंजय, त्याची आई महाराणी कादंबिनी, आणि त्यांच्या जिवावर उठलेला, वाटेल त्याचं रूप घेणारा मायावी, अशी ती गोष्ट. शाप, उःशाप, वर, वरातली पळवाट, आकाशवाणी, सगळा मसाला मी सढळ हातानं घालत होतो.

आमच्या मालिकेत कुणी कायमचं मरत नसे. त्याचं कारण पुराणांत नव्हतं, नटांच्या तारखांत होतं. सेनापतीचं काम करणाऱ्याचा पाय मोडला, म्हणून मी त्याला शाप देऊन दीड महिना दगड करून ठेवला. राजकन्येचं काम करणारीचं लग्न निघालं, तिला नागांनी पाताळात नेलं. महाराणीचं काम करणाऱ्या बाई तीन महिन्यांच्या नाट्यदौऱ्यावर परदेशी गेल्या, तेव्हा दगड आणि पाताळ दोन्ही वापरून झालं होतं. म्हणून ऐन दिवाळीतल्या रविवारी मी महाराणीला मारून टाकलं. बाई परत आल्यावर तिला जिवंत करणं ओघानंच आलं.

ती जिवंत होते तो भाग त्याच आठवड्यात लागून गेला होता. राजपुत्र आकाशशिखरावर चढतो आणि आईला तीन हाका मारतो. आकाशवाणी होते, विश्वास असेल तर उडी टाक, विश्वासणारा तरतो, शंका घेणारा पडतो. प्रेक्षकांचा जीव टांगणीला लागावा म्हणून मी मायावीला मध्ये घातलं होतं. तो आधी राजपुत्राच्या वडिलांच्या रूपात येतो, मग गुरूंच्या, मग बहिणीच्या, आणि प्रत्येक जण काकुळतीला येऊन सांगतो, उडी टाकू नकोस. राजपुत्र कुणाचंही ऐकत नाही. उडी टाकतो, वाऱ्यावर तरंगत खाली येतो, आणि समोर आई उभी असते. चार दिवसांत पोतंभर पत्रं आली होती त्या भागाला.

आकाशशिखर म्हणजे पठाराच्या अगदी कडेला रावजीनं उभा केलेला पस्तीस फुटी सांगाडा. पुढून तरट आणि प्लॅस्टरचा डोंगर, मागून नुसते बांबू. त्याच्या एका अंगाला पठाराची माती होती आणि दुसऱ्या अंगाला धोंड्यांनी भरलेला उतार.

त्याच्या टोकावर, फळीवर, निळ्या फ्रॉकातली आठ-नऊ वर्षांची मुलगी उभी होती.

"सर्जेरावाची वैजंता," रावजी हळू आवाजात म्हणाला. "बाप गुऱ्हाळावर हाय. माणूस धाडलाय. साहेब, वरच्या फळ्या म्या सकाळीच सैल केल्यात. उद्या उतरवायच्या हुत्या. पोरीचं वजन पेलतील. गड्याचं न्हाई."

"मागून कुणी हळूच चढलं तर?"

"मगाशी चढून बघितलं. सांगाडा हलला तशी ती कडंला सरकली."

आमचे दिग्दर्शक भागवतसाहेब भोंगा हातात धरून नुसतेच उभे होते. एरवी त्या भोंग्यातून दोनशे सैनिकांना नाचवणारा माणूस, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मी ओरडलो, "गाद्या आणा! सगळ्या गाद्या आणा!"

चौघांनी गाद्या उचलल्या मात्र, वरून आवाज आला, "गाद्या न्हाई लावायच्या!"

"अगं, लागू नये म्हणून," मी म्हणालो.

"राजपुत्रानं लावल्या हुत्या का?"

लावल्या होत्या. चार. पण माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "नाही."

"मंग? गादी लावली म्हंजे शंका आली. शंका आली की मी पडणार. लावशीला तर आत्ताच टाकीन उडी."

चौघे जागच्या जागी थांबले. मी त्यांना गाद्या खाली ठेवायला सांगितल्या.

मग ती उताराकडे तोंड करून उभी राहिली, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हाक मारली, "आई!"

हाक उतारावरून खाली गेली आणि विरली. मी रावजीकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली.

"तिची आय गेली साहेब. काविळीनं."

"कधी?"

"दिवाळीत. पाडव्याला. रविवार हुता."

मला सगळं तिथंच, उन्हात उभ्या उभ्या कळलं. पाडव्याच्या रविवारी सकाळी मी महाराणीला मारलं होतं. दोघी एकाच दिवशी गेल्या होत्या आणि त्यांतली एक परत आली होती. पोरीचा हिशेब सरळ होता. तीन हाका आणि उडी. त्यांतली एक हाक मारून झाली होती.

"शैलेंद्रला बोलवा," भागवतसाहेबांना एकदाचा आवाज फुटला. "त्याचं ऐकेल ती. देव आहे तो तिचा."

शैलेंद्र म्हणजे आमचा राजपुत्र. मुकुट, बाजूबंद, सगळ्या थाटात तो जेवायला बसला होता, तसाच उठून आला. मनानं फार चांगला मुलगा. सांगाड्याच्या पायथ्याशी उभा राहून त्यानं वर बघितलं आणि आपल्या त्या प्रसिद्ध आवाजात म्हणाला, "वैजंता, मी अरिंजय. उडी टाकू नकोस बाळ. खाली ये."

तिनं त्याला नीट न्याहाळलं. बाकीची पोरं त्याला बघून किंचाळायची. ही हसलीसुद्धा नाही.

"तू खरा कशावरनं?"

"म्हणजे?"

"रडून दाखव."

शैलेंद्रनं माझ्याकडे बघितलं. मी डोळे मिटून घेतले. कारण हाही नियम माझाच होता. राजपुत्र आणि राजपुत्राचं रूप घेतलेला मायावी, दोन्ही कामं शैलेंद्रच करायचा. त्याला ग्लिसरीन सोसत नसे. एकदा डोळ्यांत घातलं की दोन तास डोळे लालबुंद, शूटिंग बंद. एका दिवसात दोघांनाही रडवणं परवडणारं नव्हतं, म्हणून मी राजपुत्राच्या गुरूंच्या तोंडी वाक्य घातलं होतं, "राजपुत्रा, मायावीला सगळं येतं, रडता तेवढं येत नाही." पुढे प्रत्येक भागात खऱ्याची खूण म्हणून तेच वापरलं गेलं. लोकांना फार आवडलं होतं ते.

शैलेंद्रनं प्रयत्न केला बिचाऱ्यानं. तोंड वेडंवाकडं केलं, खांदे हलवले, हुंदका काढला. डोळे कोरडे ठणठणीत. पाठीमागून मेकअपवाले दादा मदतीला धावले आणि त्यांनी त्याच्या हातात हळूच ग्लिसरीनची बाटली सरकवली. खालून कुणाला दिसलं नसतं. ती पस्तीस फूट वर होती.

"बाटली हाय! डोळ्यात बाटली घालतुया! मायावी!" ती ओरडली. "उडी टाकू नगं म्हणाय आला, तवाच वळाकलं म्या!"

ती मागे सरली आणि तिचा एक पाय फळीच्या टोकावर पडला. फळी करकरली. प्लॅस्टरचा एक ढेपसा सुटला आणि खाली धोंड्यांवर आपटून त्याचा भुगा झाला. आमच्यातलं कुणीतरी किंचाळलं. तिनं बांबूला धरून तोल सावरला आणि दुसरी हाक मारली.

"आई!"

मी तिथं उभा राहून, माझ्याच गोष्टीतली पळवाट शोधत होतो आणि मला ती सापडत नव्हती. उडी टाकू नको म्हणणारा प्रत्येक जण मायावी. बाप आला तरी मायावी, गुरू आला तरी मायावी. जितकी विनवणी करावी तितकी तिची खात्री पटत जाणार. सगळी दारं मी स्वतःच्या हातानं लावून घेतली होती, आणि त्यासाठी निर्मात्यांनी माझी पाठ थोपटली होती.

तेवढ्यात सर्जेराव आले. गुऱ्हाळावरून तसेच पळत आलेले, कोपरापर्यंत हातांना राख आणि पाकाचे डाग. उंच, दांडगा, एके काळी आखाड्यात उतरलेला माणूस.

"वैजंते!" ते गरजले. "खाली उतर! न्हाईतर वर यून हाडं मोडीन!"

आणि त्यांनी सांगाड्यावर पाय ठेवलासुद्धा. रावजी आणि आणखी दोघांनी मिळून त्यांना ओढलं. "फळी धरायची न्हाई सर्जेराव! पोरगी बी जाईल आन् तुमी बी!"

"वैजंते, बापाचं ऐक!"

"तू आप्पा न्हाईस," ती म्हणाली.

सर्जेरावांचे हात खाली आले. "काय म्हणालीस?"

"आई गेली तवापास्नं तू आप्पा न्हाईस. मला ठावं हाय. आई गेली तवा समदी रडली. काकी रडली, मामा रडला, शेजारची रडली. तू न्हाई रडलास. एकदा बी न्हाई. म्या रोज बघत हुते."

मी सर्जेरावांचा दंड धरला. माझी त्यांची ओळखसुद्धा नव्हती.

"रडा," मी म्हणालो.

"आँ?"

"तिच्यासमोर रडा हो. तेवढं एकच ऐकेल ती. कसंही करून रडा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चिडले नाहीत. "न्हाई यायचं," ते पुटपुटले. "तवा बी न्हाई आलं. समदी मलाच धरून रडत हुती. म्या बी रडाय बसलो आस्तो तर ह्या पोरीला कुणी धरलं आस्तं? आन् मंग... मंग न्हाईच आलं."

वरून ती आम्हाला बघत होती. मला दिसत होतं की ती आता तिसऱ्या हाकेसाठी वळणार. मी भागवतसाहेबांच्या हातचा भोंगा घेतला, मग तो नको वाटला आणि खाली टाकला.

"वैजंता, मी लेखक आहे," मी ओरडलो.

"म्हंजे कोण?"

"ही गोष्ट मी लिहितो. राजपुत्र काय बोलतो, मायावी काय करतो, सगळं मी लिहितो. आकाशवाणीसुद्धा."

ती थबकली. "आभाळातनं तुमी बोलता?"

"आवाज दुसऱ्याचा आहे. शब्द माझे. आणि मघाशी मी तुझ्याशी खोटं बोललो. राजपुत्रानं गाद्या लावल्या होत्या. या बघ, याच चार. आणि वरून नाही टाकली उडी. त्या खालच्या दगडावरून टाकली."

"खरंय गं," शैलेंद्र म्हणाला. आता त्याचा आवाज साधा, नेहमीचा होता. त्यानं मुकुट काढून हातात घेतला होता. "आठ फूट उंच आहे तो. तरी मला भीती वाटली."

"आन् राणी?" तिनं विचारलं.

"राणी मेलीच नव्हती," मी म्हणालो. "त्या बाई दूर गावाला गेल्या होत्या. म्हणून मी लिहिलं, मेली. त्या परत आल्या, म्हणून मी लिहिलं, जिवंत झाली."

ती विचार करत राहिली. वारा सुटला होता आणि सुटलेलं तरट फडफडत होतं. मला वाटलं, पटलं. आता उतरेल.

"तुमी लिवलं म्हणून ती आली?"

"हो."

"मंग माज्या आईचं बी लिवा की."

मी तोंड उघडलं. हो म्हणणं अगदी सोपं होतं. हो, लिहितो, खाली ये. ती त्या क्षणी उतरली असती, आणि पुढच्या रविवारपासून वाट बघत बसली असती. पण मी तेव्हा इतका विचार केला असं म्हणणार नाही. मी घाबरलो होतो आणि भीतीनं जे तोंडाला आलं ते खरं निघालं, एवढंच.

"मला नाही लिहिता येत," मी म्हणालो.

"कशापायी?"

"ती कशी होती, मला ठाऊक नाही."

"आप्पाला ठावं हाय," ती म्हणाली. मग बापाकडे बघून तिनं दुरुस्ती केली, "खऱ्या आप्पाला."

मी सर्जेरावांकडे वळलो. "सांगा."

"काय सांगू?"

"कशी होती ते सांगा. काहीही सांगा. पण मोठ्यानं."

रावजीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"गुऱ्हाळावर भाकरी घिऊन यायची," ते म्हणाले. "लांबनंच हाळी द्यायची. मला न्हाई. बैलास्नी. आदी बैलांची नावं घ्यायची, मंग माजं. म्या म्हणायचो, बैलाच्या मागं लावलंस व्हय मला. तर हासायची."

ते थांबले. "अजून," मी म्हणालो.

"आजारी हुती तरी आली. डोळं पिवळं झालं हुतं. तीन मैल चालत आली भाकरी घिऊन. मला कामाची घाई. उकळत्या रसाची काहिल उतरवायची हुती. म्या म्हणालो... म्या म्हणालो, कशाला आलीस? एवढंच म्हणालो. कशाला आलीस. परत गेली ती. दुसऱ्या दिवसापास्नं बोलायचीच बंद झाली. त्येवढंच बोलणं झालं शेवटचं."

आणि तो दांडगा माणूस मटकन खाली बसला. त्यांच्या घशातून जो आवाज आला, तसा आवाज मी कुठल्याच नटाच्या तोंडून ऐकला नव्हता. राखेच्या हातांनी त्यांनी तोंड झाकून घेतलं होतं आणि त्यांचं सगळं अंग हलत होतं. भागवतसाहेबांनी दुसरीकडे मान फिरवली. मेकअपवाले दादा ती बाटली मुठीत लपवून उभे होते.

"आप्पा?" वरून आवाज आला.

सर्जेराव तसेच हुंदके देत राहिले.

"आप्पा, तू रडतुयास?"

ती वाकून बघायला लागली. मग ती वळली. पाठमोरी होऊन तिनं एक पाय खालच्या बांबूवर टेकवला, मग दुसरा. रावजी तिच्या बरोबर खाली हात पसरून उभा राहिला. ती अर्ध्यावर आली असेल, तेवढ्यात ती ज्या फळीवर उभी होती ती निसटली आणि उताराच्या बाजूला गडगडत गेली. तिनं तिकडे बघितलंसुद्धा नाही. एकेक बांबू धरत ती उतरत राहिली. हाताच्या टप्प्यात आल्यावर रावजीनं तिला उचलायला हात पुढे केले, तर तिनं ते बाजूला सारले आणि स्वतःच जमिनीवर उडी मारली.

ती सरळ बापापुढे जाऊन उभी राहिली. त्यांचे हात तोंडावरून ओढून काढले. गालांवर राखेतून ओघळ आले होते. तिनं एक बोट त्यांच्या डोळ्याखाली लावलं आणि ते ओलं झालेलं बोट नीट बघितलं. मग ती आमच्याकडे वळली.

"आप्पाच हाय," तिनं आम्हाला सांगितलं.

शैलेंद्र हसायच्या बेतात होता. पण तिचा चेहरा बघता बघता बदलत गेला. ती शिखराकडे बघायला लागली, मग बापाकडे, मग परत शिखराकडे. खाली उतर म्हणणारा खरा आप्पाच निघाला, म्हणजे उडीचं सगळं खोटं.

"म्हंजे आई खरंच मेली?"

साडेतीन महिन्यांत हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. घरचे म्हणत होते, देवाघरी गेलीय. आणि रविवारी सकाळी मी सांगत होतो, परत येते.

सर्जेरावांनी तिला जवळ ओढलं.

"व्हय," ते म्हणाले. "मेली."

तेव्हा वैजंता रडायला लागली. आई गेल्यापासून तीही एकदासुद्धा रडली नव्हती, हे मला रावजीनं नंतर सांगितलं.